तवा एक, स्थळं दोन

डिसेंबर उजाडला की या सदराचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. मंडईत गाजरं आणि मटार स्वस्त होतात आणि तुमच्या पत्रांचा सूरही तोच लागतो. मटार वर्षभर हिरवेगार कसे ठेवायचे? गाजराच्या हलव्याला पाणी का सुटतं? लोकरीचा स्वेटर धुतला तो आटून धाकट्याच्या मापाचा झाला, आता काय करू? या सगळ्यांची उत्तरं मी देणार आहे, पण पुढच्या आठवड्यात. आज मला तुम्हांला एका सिनेमाची गोष्ट सांगायची आहे. रागावू नका. गोष्ट स्वयंपाकघरातलीच आहे, आणि शेवटी अनारसेही आहेत.

त्याचं झालं असं, की गेल्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. मुलगी सत्तावीस वर्षांची, नोकरी करणारी. नाव-गाव सांगत नाही, तिनेच तशी विनंती केली आहे. तिच्यापुढे दोन स्थळं आहेत. पहिलं मोठ्या शहरातलं. मुलाचा स्वतःचा फ्लॅट आहे, फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन आहे, बाल्कनीत झोपाळा आहे. मुलगा निर्व्यसनी, आईवडील समजूतदार. नाव ठेवायला जागा नाही. दुसरं स्थळ म्हणजे तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ. भाड्याच्या दोन खोल्या, फिरतीची नोकरी. पण बोलायला लागला की वेळ कसा जातो ते कळत नाही म्हणे. आईचा कौल पहिल्याला, मैत्रिणींचा दुसऱ्याला, आणि हिला रात्र रात्र झोप नाही.

पत्र चार पानांचं आहे. पण मला बोचली ती अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलेली ओळ. "ताई, माझ्या बायोडेटात बाबांनी 'गृहकृत्यदक्ष, स्वयंपाकात निपुण' असं लिहिलं आहे. मला वरणभाताचा कुकर लावता येतो, त्यापलीकडे काही नाही. दोन्हीकडे हे कुणालाच माहीत नाही. काय करू?"

ते वाचून मला आधी हसू आलं, आणि मग ते हसू तिथेच विरलं. का ते पुढे सांगते. पत्राचं उत्तर काही सुचेना, म्हणून मी ते डब्यांच्या फळीवर ठेवून दिलं होतं. त्याच आठवड्यात माझी भाची राहायला आली. "मावशी, तुझ्यासारख्या बाईवरच एक सिनेमा आहे, बघ," म्हणाली आणि तिने एक जुना कृष्णधवल इंग्रजी सिनेमा लावला. नाव 'ख्रिसमस इन कनेक्टिकट'. साल १९४५. दिग्दर्शक पीटर गॉडफ्रे. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाबरोबर जसा दिवाळी अंक हवाच, तसा अमेरिकेत नाताळच्या दिवसांत हा सिनेमा अजूनही हौसेने बघितला जातो. मी निवडायला मेथीची जुडी घेऊन बसले होते. सिनेमा संपला तेव्हा अर्धी जुडी तशीच होती, बरं का!

आता गोष्ट ऐका.

न्यूयॉर्कमधल्या एका गृहिणींच्या मासिकात एलिझाबेथ लेन नावाची बाई सदर लिहीत असते. अगदी या पानासारखं. कनेक्टिकट राज्यातल्या आमच्या मळ्यात आज बर्फ पडलं आहे, शेगडीत लाकडं तडतडताहेत, यजमानांसाठी मी बदक भाजते आहे, बाळ पाळण्यात झोपलं आहे, असं ती दर महिन्याला लिहिते. देशभरातल्या बायका ते वाचून सुस्कारे सोडतात. एकदा तिने आपल्याला झुलती खुर्ची हवी आहे असं लिहिलं, तर वाचकांनी घरोघरच्या खुर्च्या पाठवून तिची जागा भरून टाकली!

आणि प्रत्यक्षात? बाई शहरात एका लहानशा भाड्याच्या जागेत एकटी राहते. खिडकीतून मळा नाही, शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी दिसतात. यजमान नाहीत, बाळ नाही, गाय नाही. न्याहरीला डब्यातले मासे. अंडं उकडायचं म्हटलं तरी तिला घाम फुटेल! सदरातल्या पाककृती पुरवतो तो तिचा फेलिक्सकाका, जवळच्याच हॉटेलाचा मालक, थुलथुलीत गालांचा आणि सोन्यासारख्या मनाचा माणूस. तो सांगतो, ही टाइप करते. मिळालेल्या पैशांतून तिने स्वतःसाठी काय घेतलं असेल? मिंकच्या फरचा एक कोट. लहानपणापासून मनात होता, म्हणून घेतला.

हे काम केलं आहे बार्बरा स्टॅनविकने. खऱ्या आयुष्यात ती चार वर्षांची असताना तिची आई गेली, आणि ती परक्यांच्या घरांत वाढली. पोरवयातच कामाला लागली. त्या कोटावरून ती हात फिरवते ना, तेव्हा तो नुसता अभिनय वाटत नाही. स्वतःच्या कमाईची पहिली सोन्याची बांगडी घेतलेल्या बाईला ते बरोबर कळेल.

तर असं हे सुखाने चाललेलं खोटं. त्यावर संकट येतं ते एका नौसैनिकाच्या रूपाने. जेफरसन जोन्स त्याचं नाव. त्याचं जहाज पाणतीराने बुडतं, अठरा दिवस तो तराफ्यावर उपाशीतापाशी काढतो. इस्पितळात आल्यावर त्याला दिसतात ती फक्त जेवणाची ताटं, पण डॉक्टर दुधाशिवाय काही देत नाहीत. मग या लबाडाने काय करावं? नर्सशी प्रेमाच्या गोष्टी कराव्यात, म्हणजे चांगलंचुंगलं खायला मिळेल! नर्स बिचारी खरंच लग्नाची स्वप्नं बघू लागते. याला घरसंसाराची गोडी लागावी म्हणून ती मासिकाच्या मालकांना पत्र लिहिते, की या शूर सैनिकाला नाताळसाठी एलिझाबेथ लेन यांच्या मळ्यावर पाठवा.

मालक म्हणजे यार्डली. सिडनी ग्रीनस्ट्रीट नावाच्या अगडबंब नटाने हे काम केलं आहे. यार्डलींचा बाणा असा, की माझ्या मासिकात छापलेलं अक्षर न् अक्षर खरं असतं. आपल्या सर्वांत लोकप्रिय लेखिकेला ते कधी भेटलेलेही नाहीत. त्यांचाही नाताळ यंदा एकाकी, आणि डॉक्टरांनी पथ्यावर ठेवलेलं. ते हुकूम सोडतात, की सैनिकाला बोलवा आणि मलाही बोलवा. मी तुमच्या हातचं जेवायला येतो.

आता बाई काय करणार? नोकरी तर जाणारच. बरोबर संपादकाचीही जाणार.

इथे येतं पहिलं स्थळ. जॉन स्लोन. वास्तुशिल्पी आहे, पैसेवाला आहे, आणि कनेक्टिकटमध्ये त्याचा खराखुरा मळा आहे. हिच्या लेखांतलं वर्णन त्याच मळ्याचं. तो तिला कधीपासून मागणी घालतो आहे, आणि माझं तुमच्यावर प्रेम नाही हे तिने त्याला स्वच्छ सांगितलेलं आहे. तरी त्याची हरकत नाही. नोकरी जाणार या धास्तीने ती हो म्हणते. बेत असा ठरतो, की पाहुणे यायच्या आत गुपचूप लग्न लावून घ्यायचं. बाळ म्हणून शेजारचं एखादं मूल उसनं आणायचं. स्लोनच्या घरची कामवाली अशी मुलं सांभाळतेच, कारण त्यांच्या आया युद्धसामग्रीच्या कारखान्यात कामाला जातात. आणि स्वयंपाकाला फेलिक्सकाका.

स्लोन वाईट माणूस आहे का? मुळीच नाही. आरडाओरडा नाही, व्यसन नाही, बाईचं गुपित त्याने कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही-आम्ही मुलीसाठी पत्रिका जमवायला बसलो तर हेच स्थळ आधी निवडू. त्याच्यात खोट एकच. तो सारखा नळांबद्दल बोलतो! घरात गरम पाण्याची सोय कशी केली आहे, हवा खेळती कशी राहते, भिंती किती जाड आहेत. ती समोर बसलेली असते, मनातून घाबरलेली असते, आणि हा नळांवर बोलत असतो. मेथी निवडता निवडता मी भाचीला म्हटलं, "हे गृहस्थ हिच्याशी लग्न करत नाहीत, घराला शोभेलशी बाई बसवून घेताहेत." जसा बेसिनवर आरसा बसवतात, तसं.

लग्न लावायला न्यायाधीश येतात, तोच दारावरची घंटा वाजते. सैनिक ठरल्या वेळेच्या आधीच हजर! लग्न राहतं. पुन्हा मुहूर्त धरतात, पुन्हा काहीतरी होतं. कधी पाहुणे, कधी बाळ, कधी फेलिक्सकाकाच मुद्दाम थाप मारतो. त्याला हे लग्न मनातून पसंत नसतं. बाळाची तर विचारूच नका. एक मूल नेतात, दुसरं आणतात, आणि यार्डली डोळे चोळत बघत राहतात, की सकाळचं बाळ हेच का!

आता दुसरं स्थळ. घरात नवरा असताना, म्हणजे सर्वांच्या समजुतीप्रमाणे असताना, एलिझाबेथ या सैनिकाकडे बघते आणि तिचं भान हरपतं. तोही गोड गळ्याचा. डेनिस मॉर्गन मूळचा गाणारा नट, तो पियानोवर बसून गातो आणि ही झाड सजवता सजवता थांबते. पण मला विचाराल तर तिचं मन तिथे गेलं नाही. ते गेलं बाळाच्या अंघोळीच्या वेळी. सगळे कौतुकाने बघायला जमलेले, बाईंना बाळ धरायचं कसं ते माहीत नाही, आणि हा सैनिक पुढे होऊन बाळाला अलगद घेतो, न्हाऊ घालतो. सराईत हात असतात त्याचे. ती बघत राहते. घरातलं काम बायकांचं म्हणून तो बाजूला उभा राहत नाही, आणि मी केलं म्हणून मिरवतही नाही.

तरीही मैत्रिणींनो, मी या जोन्सला सरसकट चांगुलपणाचं प्रमाणपत्र देणार नाही. नर्सला त्याने खोट्या आशेला लावलं, कशासाठी, तर ताटातल्या मांसाच्या तुकड्यासाठी! आणि एलिझाबेथ कुणाची तरी बायको आहे असं समजूनही तो तिच्याभोवती घोटाळतो. सिनेमात ते हसण्यावारी जातं, कारण आपल्याला खरं माहीत असतं. पण त्याला ते माहीत नसतं, नाही का? माझी भाची म्हणाली, "मावशी, तू फार कडक आहेस." असेन. मुलीचं स्थळ बघताना थोडं कडक असावंच लागतं.

बर्फातल्या त्या दोघांच्या गमती मी लांबवत नाही. गाईच्या निमित्ताने दोघं बाहेर पडतात, गावातल्या नाचाहून परतताना दुसऱ्याच्याच घोड्याच्या घसरगाडीत बसून बोलत राहतात आणि घोडा चालू लागतो, आणि गाडी चोरली म्हणून दोघांना रात्र कोठडीत काढावी लागते. हे सगळं तुम्ही स्वतः बघा आणि पोट धरून हसा.

मला सांगायचं आहे ते वेगळ्या प्रसंगाबद्दल. यार्डलींचा हट्ट असतो, की बाईंनी आपल्या डोळ्यांदेखत पॅनकेक हवेत उडवून उलटावा. लेखात तिने तसं लिहिलेलं असतं ना! पॅनकेक म्हणजे त्यांचं जाडसर घावनच म्हणा. फेलिक्सकाका तिला शिकवायला बसतो, आणि ते पीठ तव्यात पडायचं सोडून भलतीकडेच पडतं. मग ती वेळ येते. सगळे गोल उभे. बाई तवा हातात घेते, डोळे गच्च मिटते आणि झटका देते. घावन वर जातं, आणि काय नशीब, उलटं होऊन बरोब्बर तव्यात पडतं! सगळे टाळ्या वाजवतात.

माझी भाची खदखदा हसली. मी मात्र गप्प झाले होते. कारण ते डोळे मिटणं मला ओळखीचं होतं.

इतकी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट आज लिहून टाकते. २००७ साली अधिक ज्येष्ठ होता. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, हे तुम्हांला सांगायला नको. त्या आधीच्या अंकासाठी संपादकांनी अनारशांवर लिहा म्हणून सांगितलं. आता गंमत अशी, की मी तोवर जन्मात अनारसे केले नव्हते. आमच्याकडे ते खातं सासूबाईंचं. पिठाच्या डब्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. मी त्यांना विचारलं, त्या माळ ओढता ओढता म्हणाल्या, "पीठ तेवढा गूळ." झालं! मी ऐटीत लिहिलं, "माझ्या हातचे अनारसे आमच्याकडे सर्वांच्या आवडीचे. एक वाटी पिठाला एक वाटी चिरलेला गूळ, दाबून भरावा." लेखाबरोबर एक सुरेख जाळीदार चित्रही छापून आलं.

तीन आठवड्यांनी खानदेशातून एका बाईंचं पत्र आलं. मुलीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना. व्याही जेवायला यायचे होते. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून, माझ्या मापाने किलोभर तांदळाचं पीठ केलं. आणि पहिला अनारसा तुपात सोडला तो हसला. दुसरा हसला. तुपात नुसता खसखशीचा आणि गुळाचा गाळ. शेवटी हलवायाकडून आणून वाण दिलं. "व्याही काही बोलले नाहीत, पण विहीणबाईंनी डबा उचलून हलवायाचं नाव वाचलं," असं त्यांनी लिहिलं होतं. पत्रात एकही वावगा शब्द नव्हता. शेवटी फक्त एवढंच विचारलं होतं, "ताई, माझं काय चुकलं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सासूबाईंचं माप वजनाचं होतं, मी ते वाटीचं केलं. चिरून दाबलेल्या गुळाची वाटी चाळलेल्या पिठाच्या वाटीपेक्षा कितीतरी जड. एकदा स्वतः करून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी त्यांना उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार? मी डोळे मिटून झटका दिला होता, आणि अनारसा तुमच्या कढईत पडला?

एलिझाबेथच्या खोट्याला आपण हसतो, कारण ते गमतीचं आहे. पण तिचं सदर वाचणाऱ्या त्या हजारो बायकांचा विचार करा. युद्धाचे दिवस होते. अमेरिकेतसुद्धा लोणी, साखर आणि मांस रेशनवर मिळत होतं. कितीतरी घरांत पुरुष आघाडीवर आणि बायका कारखान्यात. संध्याकाळी दमूनभागून घरी येऊन ते सदर वाचायचं, आणि त्यातलं भाजलेलं बदक वाचून आपल्या स्वयंपाकघराकडे बघून हिरमुसायचं. आणि लिहिणारीकडे तरी कुठे होतं ते बदक! आमच्यासारख्या सदरं लिहिणाऱ्यांनी हा सिनेमा वर्षातून एकदा बघावा, असं मला मनापासून वाटतं.

बरं, गोष्टीचा शेवट. बाळाची खरी आई बाळ घेऊन जाते, यार्डलींना वाटतं बाळ पळवलं, पोलीस येतात, आणि एलिझाबेथ शेवटी सगळ्यांसमोर सांगून टाकते. हा मळा माझा नाही, हा नवरा माझा नाही, बाळ माझं नाही, आणि मला स्वयंपाक येत नाही. यार्डली तिथल्या तिथे तिला काढून टाकतात. स्लोनशी लग्नही मोडतं. नर्स येते ती जोन्सच्या मित्राशी लग्न करूनच. चांगलं झालं! मग फेलिक्सकाका यार्डलींना फोडणीच्या, म्हणजे तिकडल्या मांस परतण्याच्या वासाने स्वयंपाकघरात ओढून नेतो आणि लोणकढी थाप मारतो, की दुसऱ्या मासिकाने बाईंना बोलावलं आहे. यार्डली पगार दुप्पट करून तिला परत घेतात. आणि जोन्स, बाई मोकळी आहे आणि तिला अंडंही उकडता येत नाही हे दोन्ही कळल्यावर, खूश होऊन तिचा हात धरतो.

हा फेलिक्सकाका झालेला साकॉल हा नट मूळचा बुडापेस्टचा. नाझींच्या अत्याचारामुळे त्याला युरोप सोडावं लागलं, त्याच्या बहिणी छळछावण्यांत गेल्या. सिनेमा लागला ऑगस्ट १९४५ मध्ये, महायुद्ध संपलं त्याच आठवड्याच्या सुमारास. भर उन्हाळ्यात नाताळचा सिनेमा! पण लोकांना तेव्हा हसायचं होतं, घरी परतलेला सैनिक बघायचा होता, भरलेली ताटं बघायची होती. ते सगळं त्यात आहे.

आता माझ्या सत्तावीस वर्षांच्या मुली, तुझ्याकडे वळते. तुझं पत्र फळीवरून काढून परत वाचलं. तू विचारतेस, दोघांपैकी कुणाला हो म्हणू. ते मी सांगणार नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर सल्ला देऊन मी एकदा खानदेशातल्या बाईंचं तळण बिघडवलं आहे.

पण एक सांगते. आधी तो बायोडेटा दुरुस्त कर. बाबांना दुखवू नकोस. त्यांनी तो मायेने लिहिला आहे, आणि सगळ्यांच्याच बायोडेटात ते दोन शब्द असतात. पण दोन्हीकडे तूच तुझ्या तोंडाने सांग, की मला फक्त कुकर लावता येतो. फोनवर नको, निरोपाने नको. समोर बसून सांग.

तुला वाटेल, खरं सांगितलं की निकाल लागला. जो टिकला तो आपला. तसं नसतं गं. सिनेमाच बघ. स्लोनला खरं पहिल्यापासून माहीत होतं! हिला स्वयंपाक येत नाही, हिचं आपल्यावर प्रेम नाही, सगळं ठाऊक होतं. तरी तो लग्नाला तयार होता. म्हणजे नुसतं टिकणं हा पुरावा नव्हे. त्याने ते ऐकलं, आणि ऐकून परत नळांबद्दल बोलायला लागला. तिच्या सांगण्याने त्याच्यात काही हललंच नाही. म्हणून तू सांगितल्यावर लगेच उठून येऊ नकोस. दहा मिनिटं बस, आणि पुढे काय होतं ते बघ. "काही हरकत नाही, आई शिकवेल" असं म्हणून विषय बदलतो का? "स्वयंपाकाला बाई लावू" म्हणून प्रश्न मिटवतो का? की तुला उलट काही विचारतो? मग तू रोज काय खातेस, कंटाळा येत नाही का, दोघांनी मिळून शिकायचं का, मला तरी कुठे येतं? ज्याच्या मनात तुझ्याबद्दल दुसरा प्रश्न उमटतो, त्याच्या मनात तुझ्यासाठी जागा आहे असं समज.

तो प्रश्न फ्लॅटवालाही विचारू शकेल, बरं का. मॉड्युलर किचन असणं हा काही गुन्हा नव्हे. आणि दुसऱ्याच्या गोड बोलण्यावरही लगेच भुलू नकोस. बोलणं चांगलं असणारी माणसं इस्पितळातल्या नर्सलाही फसवतात. त्याला काम करताना बघ. चहा झाल्यावर कप कोण उचलतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी कोण आणून देतं, लहान मूल रडायला लागलं की हात कुणाचे पुढे होतात. फार मोठ्या परीक्षा घ्यायला नकोत. एक दुपार पुरते.

आणि दोघांतला एकही पटला नाही, तर दोघांनाही नाही म्हणता येतं. हे सिनेमात दाखवत नाहीत, कारण मग सिनेमा संपायचा कसा? तुझ्या हातात नोकरी आहे. घाई कुणाचीच नाही.

कुकर येतोच आहे, तर घावनही शिकून घे. कुणासाठी म्हणून नव्हे, रात्री उशिरा घरी आल्यावर स्वतःसाठी. तांदळाचं पीठ ताकासारखं पातळ भिजवायचं, चवीपुरतं मीठ. बिडाचा तवा चांगला तापू द्यायचा, कांद्याच्या फोडीने तेल पुसायचं, आणि पीठ बाहेरून आत ओतत जायचं. झाकण ठेवायचं. कडा आपण होऊन सुटेपर्यंत उलथणं लावायचं नाही. बहुतेक घावनं फाटतात ती घाईने. पहिलं बिघडणारच. ते तव्याचं, असं माझी आई म्हणायची.

आणि खानदेशातल्या ताई, हे पान अजून तुमच्या हाती पडत असेल तर तुमच्या पत्राचं उत्तर आज देते. फार उशीर झाला, माफ करा. जुना तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत घाला, पाणी रोज बदला. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरा. दमट असतानाच कुटा किंवा दळा, आणि बारीक चाळणीने चाळा. गूळ वजनाने घ्या, पिठाइतका किंवा किंचित कमी. वाटीने नको. थोडं तूप घालून मळा आणि चार-पाच दिवस डब्यात दाबून ठेवा. थोडं कोरडं पीठ बाजूला राखून ठेवायला विसरू नका. आधी एकच अनारसा तळून बघा. हसला, तर त्यातलं पीठ मिसळा. कडक झाला, तर पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा कुस्करून मळा. खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळा, उलटू नका, झाऱ्याने वरून तूप उडवा.

सासूबाई गेल्यानंतर मी ते स्वतः केले. पहिल्या खेपेला सात हसले, दुसऱ्या खेपेला दोन. तिसऱ्या खेपेला जाळी पडली, तेव्हा हे माप लिहून ठेवलं. म्हणजे ताई, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. माझंच चुकलं होतं.

पुढच्या आठवड्यात मटार, हलवा आणि आटलेला स्वेटर. सगळं स्वतः करून बघितल्यावरच लिहीन.